पाइपचं टोपडं

अप्पांनी नवी कवळी बसवली आणि त्याच संध्याकाळी त्यांचा पाइप आमटीत पडला.

अप्पा म्हणजे माझे सासरे. रेल्वेच्या पूल विभागातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जेवणाआधी गॅलरीत बसून पाइप ओढायचा, आणि विझत आलेला पाइप दातांत तसाच धरून, दोन्ही हात मोकळे ठेवून, ताटं मांडायला आत यायचं, ही त्यांची जुनी रीत. संसाराच्या बावन्न वर्षांत त्यांनी स्वयंपाकघरात केलेली ही एकमेव मदत, आणि तीही माईंनी कधी मागितलेली नव्हती. त्या दिवशी आमटीवर कोथिंबीर पडली की नाही ते बघायला ते पातेल्यावर वाकले, 'कट्' असा आवाज झाला आणि पाइप डुबुक्. आमटी वाया गेली, पाइप वाचला. माई म्हणाल्या, "अहो, उलटं झालं असतं तर चाललं असतं."

दोष पाइपचा नव्हता. खऱ्या दातांना मुळं असतात आणि मुळांना जाण असते; कुठली वस्तू किती जोरानं धरायची हे ते मालकाला न विचारता ठरवतात. कवळी बिचारी हिरड्यांवर नुसती टेकलेली, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूसारखी. तिला कशाशी देणंघेणं नसतं. त्यात पाइपची दांडी कडक नि गुळगुळीत, कवळीही कडक नि गुळगुळीत. दोन्हीकडून कुणीच नमतं घेत नाही म्हटल्यावर व्हायचं तेच झालं.

अप्पांनी जेवण झाल्यावर पेन्सिल काढली. पाइप पोस्टातल्यासारखा माईंच्या छोट्या काट्यावर तोलला : ४५ ग्रॅम. दातांपासून वाटीच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं : ११ सेंटिमीटर. मग मला कागद दाखवत म्हणाले, "जावईबापू, हा कॅन्टिलिव्हर आहे. एका टोकाला आधार, दुसऱ्या टोकाला भार, मधे काही नाही. आधार खचला की पूल नदीत." त्यावर वाकड्या दांडीचा पाइप घ्या, असं मी सुचवलं. तो हनुवटीशी लोंबतो, त्याचा भार दातांच्या बराचसा खालीच येतो, एवढं विज्ञान मलाही कळत होतं. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना धोतर सोडून बर्म्युडा घालायला सांगितलं. त्यांचा पाइप सरळ दांडीचा, ब्रायरचा. त्यांच्या थोरल्या भावानं इंग्लंडहून येताना आणलेला. चाळीस वर्षं त्याच्यावर एकनिष्ठ राहिलेला माणूस सत्तरीत वाकड्या वाटेला लागणार नव्हता.

ब्रायर म्हणजे काय हेही मला अप्पांनीच शिकवलं. भूमध्य समुद्राच्या काठानं एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप उगवतं. त्याच्या बुंध्याशी, जमिनीत, लाकडाची एक टणक गाठ धरते. ती खणून काढायची, तासन्‌तास उकळायची, महिनोन्‌महिने सावलीत वाळवायची आणि मग तिचा पाइप कोरायचा. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं सेंट-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हेच करतं आहे. वाटी अशी तपस्वी. दांडी मात्र रबराची. हो, रबराचीच. त्या रबरावर आपण पुढे येणारच आहोत, कारण सगळी गंमत तिथे आहे.

तर आमटीकांडाची बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर गेली आणि तीन आठवड्यांनी लेस्टरच्या भाच्याकडून एक पाकीट आलं. आत काळ्या मऊ रबराच्या पाच टोप्या होत्या. करंगळीच्या पेराएवढ्या, चपट्या, पुढच्या बाजूला धुरापुरती चीर. पाइपच्या तोंडाला चढवायच्या. दात रबरात रुततात, दांडी घसरत नाही, दांडीवर दातांच्या खुणा पडत नाहीत आणि कवळीही वाजत नाही. माईंनी एक टोपी चिमटीत धरून उजेडात बघितली आणि म्हणाल्या, "अय्या, टोपडं!"

त्या क्षणी त्या वस्तूचं बारसं झालं. आणि अप्पांच्या मनातून ती उतरली.

वास्तविक आमच्या सासुरवाडीत टोपड्यांचं वावडं असायचं काही कारण नव्हतं. तिथे रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो आणि त्याची बटणं पिशवीवरूनच, आंधळ्या कोशिंबिरीसारखी, चाचपून दाबायची असतात. मिक्सरला झबलं आहे. वॉशिंग मशीनला रेनकोट आहे, जिचा धंदाच पाण्याचा. फ्रिजच्या मुठीला लोकरीचा मोजा आहे. सोफ्याचं मूळ कापड कुठल्या रंगाचं होतं यावर दोन मेहुण्यांत पैज लागलेली आहे आणि निकाल लागायची शक्यता नाही, कारण कव्हर काढायला माई परवानगी देत नाहीत. वस्तू आपल्याला वापरायला मिळते, पण तिचं नवेपण मात्र पुढच्या पिढीची ठेव असते, असा हा व्यवहार. एकट्या पाइपला तेवढी गवसणी नव्हती. माईंनी सरळ हिशेब मांडला, "चांगली वस्तू आहे, झाकून वापरा."

"पाइप झाकून ओढत नाहीत," अप्पा म्हणाले. "तोंडात बाळाचं चोखणं घेऊन मी गॅलरीत बसू?"

इथे अप्पांची बाजू थोडी समजून घ्यायला हवी. पाइप हा आपल्याकडे तंबाखूपेक्षा रुबाबासाठी जास्त ओढला गेला. तंबाखूच खायची तर चंची होती, चुन्याची डबी होती, डाव्या तळहातावर उजवा अंगठा होता. पाइप आला तो साहेबाबरोबर, आणि हिंदी सिनेमानं तो नायिकेच्या श्रीमंत बापाच्या तोंडात दिला. रेशमी गाऊन घालून, पाइप धरून, गोल जिन्यावरून उतरत तो गरीब नायकाला 'कितीला विकत घेऊ' असं विचारायचा. आता त्या पाइपच्या टोकाला टोपडं आहे अशी कल्पना करून बघा. नायकानं फक्त तिकडे बोट दाखवलं असतं तरी लग्न ठरलं असतं.

पण कवळीपुढे रुबाब किती दिवस टिकणार? चौथ्यांदा पाइप निसटून लुंगीत पडला आणि अप्पा टोपड्याला शरण गेले. वाटीत गरम पाणी घेतलं, टोपडं त्यात भिजवलं, मऊ झाल्यावर दोन्ही अंगठ्यांनी ताणून दांडीवर चढवलं. ब्लाउजची बाही तंग झाल्यावर माई जसं तोंड करतात तसं तोंड अप्पांनी केलं. पहिला झुरका घेतला आणि दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गरम पाण्याच्या नव्या पिशवीतलं पाणी प्यायल्यासारखं वाटतंय."

फायदे खरे होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. 'कट्' आवाज बंद झाला. पाइप पाऊण तास हाताविना तोंडात राहिला आणि तेवढ्यात अप्पांनी सुडोकूचे दोन चौकोन सोडवले. तोटे हळूहळू कळले. रबराखाली ओल धरायला लागली. तिसऱ्या दिवशी टोपडं काढलं तर आत जे काही होतं त्याचं वर्णन हा लेख जेवताना वाचणाऱ्यांसाठी मी टाळतो. दांडी आतून साफ करायला ती केसाळ तार घालतात (हल्ली शाळेत मुलं जिच्या बाहुल्या करतात तीच, पोरांना ती मुळात कशासाठी होती हे माहीत नसतं, आणि तेच बरं आहे), ती टोपड्याच्या काठाला अडायची आणि टोपडं टुणकन उडून तुळशीच्या कुंडीत.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो उच्चारांचा. पाइप तोंडात असला की पवर्ग तसाही अर्धामुर्धाच उमटतो. टोपड्याची जाडी वाढल्यावर ओठाला ओठ लागेनासा झाला आणि प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरं घरातून नाहीशी झाली. "भाजीत मीठ कमी आहे" हे वाक्य अप्पा "हाजीत नीठ कनी आहे" असं म्हणू लागले. माईंना हे सगळ्यात सोयीचं पडलं. कळतच नाही म्हटल्यावर मीठ वाढायला उठायचा प्रश्न नव्हता.

अशा वेळी जावयानं मत द्यायचं नसतं, वाचन करायचं असतं. मी वाचायला लागलो आणि मला पाइपच्या दांडीचा इतिहास सापडला. दांडीचं ते काळं, चकचकीत द्रव्य म्हणजे व्हल्कनाइट किंवा एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवलं की ते लाकडासारखं कडक होतं. नेल्सन गुडइअर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. टायरवर ज्यांचं नाव आहे त्या चार्ल्स गुडइअर यांचे हे भाऊ. म्हणजे एका भावानं रबर लवचीक ठेवायचं शिकवलं, दुसऱ्यानं कडक करायचं. आणि दीडशे वर्षांनी आमच्या घरात, मुद्दाम कडक केलेल्या रबरावर मऊ रबराचं टोपडं चढलं होतं. धोतरावरून पायजमा घालण्याचाच हा प्रकार.

पण खरी मौज पुढेच आहे. हे कडक रबर पाइपवाल्यांच्या आधीपासून आणखी एका धंद्याच्या डोळ्यांत भरलेलं होतं : दंतवैद्यांच्या. कवळीची हिरडी करायला ते फार सोयीचं पडे. तोंडाच्या मापाचं ओतता यायचं, हस्तिदंतापेक्षा आणि सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त. अशा कवळीचं पेटंट ज्या कंपनीकडे होतं तिनं प्रत्येक दंतवैद्याकडे परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केली, न देणाऱ्यांवर खटले भरले. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन हे काम इतक्या चिकाटीनं करत की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चाल्फंट नावाच्या दंतवैद्यानं त्यांना गोळी घातली. दंतवैद्य दुखवतात हे सगळ्यांना माहीत असतं. या थराला जातात हे मला नवीन होतं. पुढे विसाव्या शतकात कवळ्या अॅक्रिलिकच्या झाल्या. आणि त्याच शतकात पाइपच्या दांड्याही अॅक्रिलिकच्या निघाल्या! थोडक्यात, कवळी आणि दांडी या दोन बहिणी, एकाच घरात वाढलेल्या, एकाच वेळी साडी बदललेल्या. एकमेकींचं पटत नाही यात नवल ते काय?

हे सगळं मी अप्पांना सांगितलं. त्यांनी पाइप तोंडातून काढला, कारण त्यांना प्रश्न पवर्गातला विचारायचा होता : "मग बेकनचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, "गेले ना." अप्पा म्हणाले, "आणि चाल्फंट तुरुंगात?" मी म्हटलं, हो. "आणि दात कुणी बसवले लोकांचे?" अभियंत्याचं लक्ष शेवटी कामाच्या पूर्ततेकडे.

दातांच्या खुणांचं म्हणाल तर त्यांची लढाई फार जुनी आहे. युरोपात आधी पांढऱ्या भाजक्या मातीचे पाइप होते. ती माती दातांपेक्षा निबर निघाली. रोज त्याच फटीत दांडी धरून धरून दातच झिजत. जुन्या कबरस्तानांत सापडलेल्या सांगाड्यांच्या जबड्यांत वरच्या-खालच्या दातांमध्ये बरोबर गोल खाच दिसते, आणि संशोधक त्यावरून सांगतात की बुवा पाइप ओढणारा होता. मग रबराच्या दांड्या आल्या, आणि दातांनी सूड घेतला. आता दात दांडीला खायला लागले. टोपडं म्हणजे या दोघांतला तह. सगळ्या तहांसारखाच तो तिसऱ्याच्या खर्चानं झालेला. दोनतीन आठवड्यांत टोपडं चावून चोथा होतं आणि नवं लावावं लागतं.

अप्पांच्या दांडीवर, टोकाच्या उंचवट्याच्या मागे, अशा दोन खुणा होत्या. वरची खोल, खालची उथळ. अप्पा एरवी पाइपची निगा देवासारखी ठेवत. पश्चिमेच्या गॅलरीतल्या उन्हानं एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं आणि चवीला गंधक लागतं, म्हणून ते दर रविवारी दांडी दंतमंजनानं घासत. (त्या वेळी कवळी शेजारच्या पेल्यात पाण्यात असायची आणि पाइपला मिळणारी सेवा गप्प बघायची.) पण त्या दोन खुणा त्यांनी कधी घासून काढल्या नाहीत. वरची खूण सुळ्याची होती. तो सुळा पडून नऊ वर्षं झाली होती.

मला इथे शेरलॉक होम्स आठवला. १८९३च्या 'द यलो फेस' या कथेत एक पाहुणा होम्सच्या घरी पाइप विसरून जातो. होम्स त्या पाइपच्या दांडीला पडलेल्या चाव्यावरून सांगतो की मालक धडधाकट आहे, दात उत्तम आहेत. माणूस आल्यावर ते खरं निघतं. त्या गृहस्थानं पाइपला टोपडं घातलं असतं तर होम्सला काय कळलं असतं? एवढंच की मालकाची बायको काटकसरी आहे. गंमत म्हणजे त्या कथेत दातांचा अंदाज बरोबर येतो आणि मूळ प्रकरणाबद्दलचा होम्सचा तर्क साफ चुकतो. दातांच्या वैद्याला मनाचं काही कळत नाही, हे डॉयलसाहेबांना, स्वतः डॉक्टर असल्यामुळे, माहीत असावं.

अप्पांना होम्सपेक्षा पटला तो त्यांच्या गावचा गडी. वाईजवळच्या शेतावर लहानपणी त्यांनी त्याला चिलीम ओढताना रोज बघितलेलं. चिलमीच्या तोंडाला तो ओल्या फडक्याची छापी गुंडाळायचा. धूर गार यायचा, राख तोंडात जायची नाही, दात चिलमीला लागायचे नाहीत. आणि चिलीम चौघांत फिरली तरी प्रत्येक जण आपापली छापी लावू शकायचा. फडकं मळलं की ओढ्यावर पिळायचं. लेस्टरहून पाच टोप्या मागवून जे साधलं नाही ते आमच्याकडे धोतराच्या फाटक्या सोग्यानं साधलेलं होतं. अप्पांनी एक दिवस पाइपला रुमालाची छापी लावूनही पाहिली. ती दिसायला बोटाला लागल्यावर बांधतात तशी दिसली आणि शेजारच्या आजींनी "काय लागलं हो?" म्हणून विचारलं.

तोंडाशी काय लावायचं ही चिंता तर थेट दरबारातली. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरहून आग्र्याला परतला तेव्हा त्यानं बादशहासाठी तंबाखू नेली. आपल्या दक्षिणेत ती पोर्तुगीजांमुळे आधीच रुळली होती, उत्तरेत नवलाईची होती. नळी होती आचीनची, दोन्ही टोकांना रत्नं नि मीनाकाम. पण असद बेगाचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्याला येमेनी अकीकाचं एक लंबगोल तोंड मिळालं, ते त्यानं नळीला बसवलं. बादशहानं दोनचार झुरके घेतले आणि हकीम मधे पडला. एवढ्या खटाटोपानं बसवलेला अकीक बादशहाच्या ओठांना लागला तो दोनचार झुरक्यांपुरता. जोहरीही उदास झाला असेल.

टोपड्यांचा शेवट मात्र लग्नात झाला. आमच्या मेहुणीच्या मुलीचं लग्न. कार्यालयात धूम्रपानाला बंदी. २००८च्या २ ऑक्टोबरपासून ती सगळ्याच सार्वजनिक जागी आहे. म्हणून अप्पांनी रिकामा पाइप नुसता तोंडात धरला होता, फोटोपुरता. व्याही पुढे आले. अप्पांनी नमस्कारासाठी पाइप झटकन काढला. पाइप हातात आला, टोपडं कवळीत राहिलं. अप्पा प्रसन्न हसले. व्याह्यांना समोर दोन दात पार काळे पडलेले दिसले. सभ्य माणूस, काही बोलले नाहीत. जेवताना मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन आपल्या ओळखीच्या एका दंतवैद्याचा नंबर दिला.

तेव्हा चार टोपडी संपली होती आणि पाचवं हे. नवं पाकीट येईपर्यंत धाकट्या नातवाच्या वाढदिवसाला फुटलेल्या फुग्याची मान कापून अप्पांनी दांडीवर बसवली. माप तंतोतंत. पण फुगा लाल होता, आणि दात आवळले की तो 'चुईं' असा वाजायचा. नातू इतका खूश झाला की आजोबांनी दिवसभर पाइप सोडू नये असा त्यानं हट्ट धरला.

त्यानंतर महिन्याभरात अप्पांचा खोकला डॉक्टरांपर्यंत गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, पाइपची सगळी कथा शांतपणे ऐकून घेतली, दांडी कशी वाचवली, कवळी कशी वाचवली, आणि म्हणाले, "अप्पा, फुफ्फुसाला बसेल असं टोपडं मात्र अजून निघालेलं नाही." तंबाखू त्या दिवसापासून बंद. उरलेला डबा माईंनी स्वतः नेऊन टाकला.

पाइप राहिला. अप्पा संध्याकाळी गॅलरीत तो रिकामाच धरून बसतात. मी त्यांना धीर द्यायला सांगितलं की वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आइनस्टाइनचा पाइप ठेवलाय. डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यावरही ते तो रिकामा चघळत राहायचे, आणि त्याच्या दांडीला चावून चावून चक्क भोक पडलंय. अप्पांनी आपली दांडी उलटीसुलटी करून पाहिली. "आपलं अजून बरंच बाकी आहे," म्हणाले.

पाचवं टोपडं मला काल दिसलं. माईंच्या चष्म्याची काडी कानामागे टोचायची आणि पोथी वाचताना खाली वाकलं की चष्मा नाकावरून घसरायचा. टोपड्याचे दोन तुकडे करून त्यांनी दोन्ही काड्यांना घातले आहेत. आता चष्मा हलत नाही. अप्पा समोर बसून ते बघत होते. तोंडात बोडकी दांडी, थोड्या थोड्या वेळानं 'कट्'.

"अहो, वाजवू नका," माई पोथीतून मान न काढता म्हणाल्या. "ओवी चुकते माझी."